विश्लेषण : सूर मारताच ‘स्पिटफायर’चे इंजिन गचके का खायचे? बीट्रिस शिलिंग यांनी हा दोष कसा दूर केला?

इंजिनाचे मोठे काम करून गाडी गॅरेजमधून बाहेर पडते. जागेवर उभी असताना इंजिन छान वाजते. रस्त्यावर ॲक्सिलरेटर जोरात दाबला, की मात्र क्षणभर दम तुटतो, गचका बसतो आणि मग गाडी उचल घेते. जुन्या स्पोर्ट्स कारचे मालक आणि कार्बोरेटरच्या जमान्यातले बाइकवाले यांना हे दुखणे नवे नाही. १९४० मध्ये ब्रिटनच्या लढाऊ विमानांना जवळपास हेच दुखणे जडले होते. फरक एवढाच, की तिथे गचका बसला तर शत्रूचे विमान हातचे निसटत असे किंवा मागून गोळ्या येत. त्यावर तात्पुरता, पण नेमका इलाज शोधला तो बीट्रिस शिलिंग या महिला इंजिनीअरने. रेसिंग बाइक चालवणाऱ्या, पुढे स्पोर्ट्स कार स्वतःच्या हाताने खोलून बांधणाऱ्या शिलिंग यांची ही गोष्ट.

नेमका बिघाड काय होता?

ब्रिटनच्या ‘स्पिटफायर’ आणि ‘हरिकेन’ या दोन्ही विमानांत रोल्स-रॉइसचे ‘मर्लिन’ इंजिन होते. १२ सिलिंडर, २७ लिटर, सुरुवातीच्या लढाऊ आवृत्त्यांत साधारण एक हजार अश्वशक्ती. जमिनीवर चाचणीला बसवले, तर त्यात दोष दिसत नसे. सरळ उड्डाणात दिसत नसे, चढताना नाही, वळताना नाही.

दोष दिसायचा तो वैमानिकाने दांडी झटक्यात पुढे ढकलून विमानाचे नाक खाली केले की. इंजिन आधी क्षणभर अडखळायचे. मग पुन्हा धरल्यासारखे वाटायचे आणि त्यानंतर एक्झॉस्टमधून काळा धूर टाकत गुदमरायचे. विमान त्याच अवस्थेत राहिले तर पूर्ण बंदही पडायचे.

जर्मन ‘मेसरश्मिट १०९’मध्ये डेमलर-बेन्झचे डीबी ६०१ इंजिन होते आणि त्यात इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारले जाई. म्हणजे फ्युएल इंजेक्शन. त्यामुळे त्या विमानाने कसाही सूर मारला तरी इंजिनाला फरक पडत नसे. पाठीवर ‘स्पिटफायर’ आले, की जर्मन वैमानिक सरळ नाक खाली घालून पळ काढत. ब्रिटिश वैमानिकाला तसेच मागे जाता येत नसे. आधी विमान अर्धे उलटे करायचे आणि मग खाली खेचायचे, असा द्राविडी प्राणायाम त्याला करावा लागे. तोवर सावज पुढे निघून गेलेले असे. उलट शत्रू मागे असला आणि सुटकेसाठी सूर मारायचा झाला, तर ऐन वेळी इंजिन दगा देई.

कार्बोरेटरच्या आत काय घडत होते?

इमारतीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यासमोर आणा. तिच्यात बॉलकॉक असतो. पाणी वर आले, की चेंडू वर उचलला जातो आणि नळ बंद होतो. पाणी उतरले, की चेंडू खाली येतो, नळ उघडतो. कार्बोरेटरमध्येही अशीच एक छोटी टाकी असते. तिला फ्लोट चेंबर म्हणतात. चेंडूच्या जागी फ्लोट आणि नळाच्या जागी नीडल व्हॉल्व्ह. टाकीच्या तळाकडून जेटमधून पेट्रोल इंजिनाकडे ओढले जाते. सगळी व्यवस्था एका गृहीतकावर चालते, ते म्हणजे पेट्रोल तळाला असणार.

विमानाचे नाक झटक्यात खाली गेले, की हे गृहीतकच मोडते. रोलरकोस्टर उतरताना आपण सीटवरून उचलले जातो, तसे पेट्रोल टाकीच्या छताला जाऊन चिकटते. तळाचा जेट उघडा पडतो. इंजिनाला हवा मिळते, पेट्रोल मिळत नाही. पहिला गचका बसतो तो यामुळे. हा उपासमारीचा गचका.

खरी गंमत पुढे आहे. पेट्रोल वर गेल्यामुळे फ्लोट उलट दिशेला, म्हणजे तळाकडे ढकलला जातो. फ्लोट तळाला गेला याचा अर्थ यंत्रणेच्या लेखी टाकी रिकामी आहे. नीडल व्हॉल्व्ह सताड उघडतो. इंधनपंपाची क्षमता इंजिनाच्या गरजेपेक्षा बरीच जास्त असते, त्यामुळे पेट्रोलचा लोंढा आत येतो, टाकी काठोकाठ भरते आणि नको तेवढे पेट्रोल इंजिनात शिरते. मेकॅनिकच्या भाषेत गाडी ‘ओव्हर’ होते. काळा धूर याचाच. हा अजीर्णाचा गचका आणि जीवघेणा होता तो हाच, कारण पहिला क्षणात सरतो, हा मात्र इंजिन बंद पाडू शकतो.

वरवर पाहता दोष एकच वाटत होता, प्रत्यक्षात एकामागून एक येणारे, एकमेकांच्या अगदी उलट असे दोन दोष होते. पहिल्याला पेट्रोल कमी पडत होते, दुसऱ्याला जास्त होत होते. केवळ ‘इंजिन अडखळते’ एवढीच तक्रार ऐकून कुणी जेट मोठा केला असता, तर दुसरा दोष आणखी वाढला असता.

इथे एक कबुली. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षी माझ्या जुन्या बाइकचे इंजिन बांधून आणले होते आणि पिकअप घेताना ती असेच गचके खायची. प्लग बदलला, मग कॉइल बदलली, मग टायमिंग तपासले. महिनाभराने कुणीतरी कार्बोरेटर उघडला, तेव्हा फ्लोटची पत्ती वाकडी बसल्याचे निघाले. इंजिन उघडून बसवताना जे जे हलवले, ते आधी तपासायचे, हे पुस्तकात वाचले होते. पाळले नव्हते, एवढेच.

जर्मनांसारखे फ्युएल इंजेक्शन ब्रिटनने का वापरले नाही?

हा निव्वळ मागासलेपणा नव्हता. ‘मर्लिन’मध्ये कार्बोरेटर सुपरचार्जरच्या आधी होता. पेट्रोलची वाफ होताना ते हवेतली उष्णता शोषून घेते, हवा थंड आणि दाट होते आणि सुपरचार्जरला तेवढीच जास्त हवा दाबता येते. म्हणजे त्याच आकाराच्या इंजिनातून अधिक ताकद. रोल्स-रॉइसच्या इंजिनीअरांनी हा फायदा जाणूनबुजून पदरात पाडून घेतला होता. त्याची किंमत सूर मारताना मोजावी लागली. आणि युद्ध सुरू झाल्यावर इंजिनाची इंधनव्यवस्था मुळापासून बदलणे म्हणजे कारखान्यांची चाके थांबवणे.

कोण होत्या बीट्रिस शिलिंग?

जन्म ८ मार्च १९०९, इंग्लंडमधल्या हॅम्पशरमधल्या वॉटरलूव्हिल गावी. वडील खाटीक. लहानपणी खाऊच्या पैशांतून हत्यारे आणि मेकॅनो विकत घेणारी ही मुलगी. वयाच्या चौदाव्या वर्षी तिने मोटारसायकल घेतली, ती रॉयल एनफिल्डची टू-स्ट्रोक होती. बुलेटप्रेमी वाचकांनी नोंद घ्यावी. ती चालवण्याइतकाच ती खोलून पुन्हा जोडण्यात तिचा जीव रमला आणि पुढे इंजिनीअरच व्हायचे हे नक्की झाले.

त्या काळात हे ठरवणे सोपे आणि होणे कठीण होते. शाळा संपल्यावर त्यांना मार्गारेट पार्ट्रिज यांच्याकडे काम मिळाले. पार्ट्रिज स्वतः विद्युत इंजिनीअर आणि ग्रामीण भागात वीज पोहोचवण्याची कंत्राटे घेणाऱ्या. मुलींना मुद्दाम कामावर घेऊन शिकवणाऱ्या. वायरिंग करायचे, जनरेटर बसवायचे, अशी तीन वर्षे गेली. पार्ट्रिज यांनीच पुढे शिकण्याचा आग्रह धरला आणि शिलिंग मँचेस्टरच्या व्हिक्टोरिया विद्यापीठात दाखल झाल्या. १९३२ मध्ये विद्युत अभियांत्रिकीची पदवी आणि त्यानंतर वर्षभर थांबून यंत्र अभियांत्रिकीतले एमएस्सी. पुढे काही काळ बर्मिंगहॅम विद्यापीठात सुपरचार्जर लावलेल्या इंजिनांवरच्या संशोधनात त्या मदतनीस होत्या. ‘मर्लिन’ त्यांच्यासमोर आले, तेव्हा हा विषय त्यांना परका नव्हता तो असा.

१९३६ मध्ये फार्नबरो इथल्या ‘रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंट’मध्ये, म्हणजे ब्रिटनच्या विमानसंशोधनाच्या मुख्य सरकारी संस्थेत त्या रुजू झाल्या. सुरुवात इंजिनाच्या माहितीपुस्तिका लिहिण्यापासून झाली. त्यात त्यांचे मन लागणे शक्यच नव्हते. लवकरच त्या कार्बोरेटरच्या विभागात गेल्या. तिथून निवृत्तीपर्यंत त्यांनी ही संस्था सोडली नाही. सहकारी त्यांना ‘टिली’ म्हणत.

रेसिंगचे वेड कुठून आले?

लंडनजवळ सरे परगण्यात ब्रुकलँड्स नावाचा रेसिंग ट्रॅक होता. १९०७ मध्ये सुरू झालेला, खास शर्यतीसाठी बांधलेला, वळणांवर भिंतीसारखा उंच कललेला. तिथे ताशी १०० मैलांपेक्षा अधिक वेगाने एक फेरी मारणाऱ्या मोटारसायकलस्वाराला ‘गोल्ड स्टार’ मिळे. १९३४ मध्ये शिलिंग यांनी आपल्या ५०० सीसीच्या ‘नॉर्टन एम-३०’वर ताशी १०६ मैल, म्हणजे सुमारे १७१ किलोमीटर वेगाने फेरी मारली आणि हा मान मिळवणाऱ्या त्या दुसऱ्या महिला ठरल्या. ट्रॅक काँक्रीटचा, खडबडीत आणि बाइकच्या मागच्या चाकाला शॉकॲब्सॉर्बर नाही, हे लक्षात घेतले म्हणजे आकड्याचा अर्थ कळतो. बाइक जुळवायच्याही त्या स्वतःच.

१९३८ मध्ये त्यांनी जॉर्ज नेलर यांच्याशी लग्न केले. तेही फार्नबरोतच कामाला. ‘गोल्ड स्टार’ मिळवल्याशिवाय लग्न करणार नाही, अशी अट शिलिंग यांनी घातली होती, असे सांगतात. आख्यायिकाच असावी. पण दोघांकडेही तो तारा होता हे खरे. नेलर युद्धात बॉम्बर विमानाचे वैमानिक झाले. म्हणजे इंजिन अडखळण्याचा प्रश्न या घरात निव्वळ कागदावरचा नव्हता.

पितळेच्या तुकड्याने काय केले?

पूर्ण इलाज करायचा तर नवीन कार्बोरेटर हवा होता. तो येईपर्यंत वैमानिकांनी काय करायचे? शिलिंग यांनी दोनपैकी एकच गचका पकडला, दुसरा. लोंढा आत येतो म्हणून इंजिन गुदमरते. मग लोंढा येऊच द्यायचा नाही. फ्लोट काय सांगतो, नीडल किती उघडते, याकडे लक्षच न देता कार्बोरेटरकडे जाणाऱ्या इंधनाच्या वाटेवरच अडसर घालायचा.

हा अडसर म्हणजे पितळेचा छोटा, शिंप्याच्या अंगुस्तानासारखा तुकडा, मधोमध नेमक्या मापाचे भोक. पुढच्या आवृत्तीत तो साधा चपटा वॉशर झाला. सगळी करामत भोकाच्या मापात होती. पूर्ण ताकदीवर असताना इंजिन जास्तीत जास्त जेवढे पेट्रोल पिते, जवळपास तेवढेच त्यातून जाईल असे ते माप. भोक याहून लहान असते तर चढताना इंजिन उपाशी राहिले असते, मोठे असते तर लोंढा पुन्हा सुरू. इंजिनात हवा किती दाबली जाते त्यावर इंधनाची गरज बदलते, म्हणून वेगवेगळ्या बूस्टच्या इंजिनांसाठी दोन मापे काढली गेली.

पहिला, उपासमारीचा गचका तसाच राहिला. विमान सतत उलटे उडवायचे झाले, तर हा इलाज उपयोगी नव्हता. पण इंजिन पूर्ण बंद पडण्याची भीती गेली आणि सूर मारणाऱ्या शत्रूमागे सूर मारता येऊ लागला.

दुसरी मोठी गोष्ट अशी, की हा तुकडा बसवायला विमान कारखान्यात परत न्यावे लागत नव्हते. तळावरच, इंजिन न उतरवता काम होई. १९४१ च्या सुरुवातीला शिलिंग छोटे पथक घेऊन लढाऊ विमानांच्या तळांवर फिरल्या, आघाडीच्या तुकड्यांना आधी प्राधान्य देत. त्या स्वतः जायच्या आपल्या जुन्या नॉर्टनवरून. मार्च १९४१ पर्यंत फायटर कमांडच्या विमानांत हे तुकडे बसलेले होते.

वैमानिक आणि मेकॅनिक मंडळींनी या तुकड्याला ‘मिस शिलिंगचे भोक’ असे चावट नाव दिले. लग्न होऊन अडीच वर्षे झाली होती, तरी नाव ‘मिस’च राहिले. ते इतके रुळले, की तांत्रिक इतिहासाच्या गंभीर पुस्तकांतही आज तेच छापले जाते.

‘ब्रिटनची लढाई’ त्यांनी जिंकून दिली का?

समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या पोस्टमध्ये हा दावा हमखास असतो. तो चुकीचा आहे. ‘बॅटल ऑफ ब्रिटन’ जुलै ते ऑक्टोबर १९४० मध्ये झाली आणि तुकडे बसले ते त्यानंतर. ती लढाई ब्रिटिश वैमानिक अडखळणाऱ्या इंजिनांसहच लढले. शिलिंग यांच्या कामाचा उपयोग झाला तो पुढच्या दोन वर्षांत, प्रेशर कार्बोरेटर हाती येईपर्यंतच्या मोठ्या काळात. अतिशयोक्तीने त्यांचे मोठेपण वाढत नाही. उलट खरी कामगिरी झाकली जाते. बिघाडाचे दोन भाग वेगळे ओळखणे आणि हातात असलेल्या वेळेत जो भाग दुरुस्त होऊ शकतो तोच दुरुस्त करणे, ही ती कामगिरी.

स्पोर्ट्स कारशी त्यांचा संबंध काय?

युद्धानंतर शिलिंग आणि नेलर दोन चाकांवरून चार चाकांवर आले. १९५० च्या दशकाअखेरीपासून काही वर्षे त्यांनी ‘ऑस्टिन-हीली सेब्रिंग स्प्राइट’ ही छोटी स्पोर्ट्स कार शर्यतींत उतरवली, घरच्या वर्कशॉपमध्ये तिच्यात भरपूर फेरफार करून. अनेकदा पहिल्या तिनांत नंबर काढला.

योगायोग असा, की सुरुवातीच्या ‘मर्लिन’चा कार्बोरेटर ज्या एसयू कंपनीचा, त्याच कंपनीचे दोन कार्बोरेटर साध्या ‘स्प्राइट’च्या इंजिनावर असत. दोहोंची रचना वेगळी, पण फ्लोट चेंबर आणि नीडल व्हॉल्व्हचे तत्त्व तेच. एसयू असलेल्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे इंजिन बांधून झाल्यावर ती उचल घेताना अडखळू लागली, तर जाणकार मेकॅनिक आधी एक साधी गोष्ट बघतो. कार्बोरेटरच्या वरच्या घुमटात एक पिस्टन असतो, त्याच्या पोकळ दांड्यात थोडे तेल घालावे लागते. हे तेल पिस्टनला झटक्यात वर जाऊ देत नाही, त्यामुळे ॲक्सिलरेटर दाबताक्षणी पेट्रोलचे प्रमाण थोडे वाढते आणि इंजिन न अडखळता उचल घेते. कार्बोरेटर धुऊन बसवताना ते तेल घालायचे राहिले, की पिस्टन सर्रकन वर जातो, मिश्रण पातळ होते आणि गचका बसतो. हजारोंचे काम करून आणलेली गाडी चमचाभर तेलासाठी अडते.

तेल ठीक असेल तर पुढे मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून हवा शिरते का, फ्लोटची पातळी बरोबर आहे का, दोन्ही कार्बोरेटर एकसारखे उघडतात का, इग्निशनचे टायमिंग जुळते का, हे बघायचे. गचक्यासोबत काळा धूर आणि पेट्रोलचा वास असेल तर पेट्रोल जास्त होते आहे. एक्झॉस्टमधून धूर नाही, उलट कार्बोरेटरच्या तोंडातून फटका येतो, तर बहुधा कमी पडते आहे. १९४० मध्ये धुराच्या रंगावरून जे कळत होते, तेच.

त्यांचा सल्ला फॉर्म्युला वनपर्यंतही पोहोचला. अमेरिकी शर्यतपटू डॅन गर्नी यांच्या ‘ईगल’ गाडीचे व्ही-१२ वेस्लेक इंजिन तापायचे. १९६७ मध्ये त्या दुखण्यावर उपाय शोधण्यासाठी शिलिंग यांची मदत घेतली गेली. त्याच वर्षी जूनमध्ये गर्नी यांनी बेल्जियमची ग्रां प्री याच गाडीने जिंकली.

पुढे काय झाले?

फार्नबरोत त्यांनी ‘ब्लू स्ट्रीक’ क्षेपणास्त्राच्या प्रकल्पावर काम केले. पावसाने ओल्या झालेल्या धावपट्टीवर विमानाचे ब्रेक कसे लागतात, याचाही अभ्यास केला. ब्रिटन सरकारने त्यांना ‘ओबीई’ किताब दिला. १९६९ मध्ये त्या निवृत्त झाल्या आणि त्याच वर्षी सरे विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. संस्थेत त्या वरिष्ठ पदापर्यंत गेल्या, पण सर्वोच्च खुर्ची मिळाली नाही. १८ नोव्हेंबर १९९० रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या शर्यतींमधले बिल्ले आणि चषक आता ब्रुकलँड्सच्याच संग्रहालयात आहेत. लंडनच्या रॉयल हॉलोवे विद्यापीठात इलेक्ट्रॉनिक इंजिनीअरिंग शिकवले जाते ती इमारत त्यांच्या नावाची आहे. आणि फार्नबरोत एक पब आहे, त्याचे नाव ‘द टिली शिलिंग’.